नाउताबाईंच्या संडासातलं कॅलेंडर

१

शनिवारी संध्याकाळी सहा ते सव्वासहाच्या दरम्यान नाउताबाईंच्या लक्षात आलं, की त्यांच्या संडासातलं कॅलेंडर चोरीला गेलंय. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण बाईंचं वय चौऱ्याऐंशी आणि त्या वयात ह्या गोष्टी घड्याळावर होतात. आतला बल्ब सकाळीच उडाला होता. बाई मेणबत्ती घेऊन आत गेल्या, बसल्या, सवयीने उजवीकडे पाहिलं, तर उजव्या भिंतीवर नुसता खिळा.

हे कॅलेंडर तारीख-वार बघायचं नव्हे, वाढदिवसांचं. वर्ष नाही, वार नाही, बारा पानं आणि प्रत्येक तारखेपुढे एक कोरी रेघ. इथे, लेवार्डनच्या बाजूला, प्रत्येक घराच्या संडासात असं एक टांगलेलं असतं. माणूस आपल्या घरी बसला की पुढचा केक कोणाचा ते बघतो, आणि दुसऱ्याच्या घरी बसला की आधी स्वतःचं नाव शोधतो. नाउताबाईंच्या कॅलेंडरवर चोपन्न नावं होती, जवळजवळ सगळी त्यांच्या नवऱ्याच्या, वीबेंच्या अक्षरात. एकवीस नावांपुढे छोटे क्रूस होते. शेवटचा क्रूस वीबेंच्याच नावापुढे. तो तेवढा बाईंनी काढला होता, कारण वीबेंना स्वतःला ते जमण्यासारखं नव्हतं.

रविवारी सकाळी घरविक्रीच्या एजंटने, ड्यूकोने, हे घर घ्यायला निघालेल्या मारीतला फोन केला. बाईंनी काल घर तुम्हालाच देते म्हणून दिलेला शब्द तूर्त थांबलाय, असं त्याने सांगितलं. ज्या घरात चोर असू शकतो, त्या घराला बाई आपलं घर देणार नाहीत. सोमवारी दुपारी बारापर्यंत कॅलेंडर आलं नाही, तर बाईंचा मुलगा औके येऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाशी कागद करून टाकणार.

आमच्यावरच संशय का, असं मारीतने विचारलं.

"तुमचा नवरा आत बारा मिनिटं होता," ड्यूको म्हणाला. "मी मोजली नाहीत. बाईंनी मोजली."

२

मारीत आणि येल्मर सोळा महिने सुट्टीवर होते.

म्हणजे असं, की ते लेवार्डनच्या बाहेर एका सुट्टीच्या वसाहतीत, फिरत्या नसलेल्या फिरत्या घरात राहत होते, आणि तिथे राहायला बंदी होती. फक्त सुट्टी घालवता येत होती. वसाहतीचा राखणदार अधूनमधून येऊन ते मजा करताहेत की नाही, हे तपासून जाई. त्यामुळे येल्मर पहाटे बस चालवायच्या कामाला निघताना गाडीच्या टपावर पोहायची, हवा भरलेली रबरी कडी बांधून निघे. जानेवारीतसुद्धा. मारीत दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. ती युनिफॉर्मवर उन्हाळी टोपी घालून फाटकातून बाहेर पडे. शेवटी राखणदारानेच येऊन सांगितलं, की इतकी मजा कोणी करत नाही. एक तारखेला त्यांची सुट्टी संपणार होती. त्यानंतर कुठे, ह्याला उत्तर नव्हतं.

तोवर त्यांच्या हातून चौदा घरं गेली होती. पंधरावं हे. महायुद्धानंतर घाईघाईत बांधलेल्या वस्तीतलं, सगळ्या गल्ल्यांना पक्ष्यांची नावं असलेलं, सत्तावीस नंबरचं कोपऱ्याचं घर. नाउताबाईंना लिफ्टवाला फ्लॅट मिळाला होता आणि बोली-बिली त्यांना नको होती. वीबे जाण्यापूर्वी जी किंमत बरोबर म्हणाले होते तीच किंमत, आणि माणसं मी निवडणार.

म्हणून शनिवारी, घर बघायच्या दिवशी, कॉफी पिताना बाईंनी मारीतला वाढदिवस विचारला. मारीतने नऊ मे असं सांगितलं. बाईंना कमी ऐकू येतं.

"नऊ मार्च?" बाईंच्या हातातला कप खाली आला. "माझ्या वीबेंचाही नऊ मार्च."

चौदा घरं गमावलेल्या माणसाला तीस फेब्रुवारी म्हटलं असतं तरी चाललं असतं. मारीत "हो" म्हणाली. बाई उठल्या, ड्रॉवरमधली पेन्सिल घेतली आणि संडासात जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून मारीतला कळलं, की घर मिळालं.

रविवारी दुपारी मात्र ती एकटीच त्या घरामागच्या बोळात जाऊन उभी राहिली. कशाला, ते तिलाही माहीत नव्हतं. बाई चर्चमध्ये होत्या. सगळीकडे सामसूम. फक्त शेजारच्या पंचवीस नंबरच्या अंगणात दोरीवर एकच मोहरीच्या रंगाचा स्वेटर वाळत होता. रविवार देवाचा, कामं बंद ठेवायचा वार; त्या दिवशी कपडे वाळत घालणारं माणूस ह्या गल्लीत आहे, म्हणजे गल्ली वाटते तितकी कडक नाही, एवढंच तिच्या मनात आलं. मग ते घर आपलं नाही हे आठवलं आणि ती बोळातच खाली बसली.

घरी आल्यावर तिने येल्मरला विचारलं, बारा मिनिटं काय करत होतास.

 येल्मर खोटं बोलत नाही. बसचा ड्रायव्हर म्हणून ते ठीक आहे, नवरा म्हणून त्रासदायक.

"मोबाइलच्या उजेडात तुझं नाव वाचत बसलो होतो," तो म्हणाला. "चुकीच्या तारखेवर. मेलेल्या माणसाच्या खाली."

"मग?"

"मग दुरुस्त करावंसं वाटलं. पण पेन्सिल नव्हती."

मारीतने त्याच्याकडे पाहिलं. पेन्सिल नसली तर माणूस अख्खं कॅलेंडर नेऊ शकतो, हे दोघांनाही एकाच वेळी सुचलं. त्या रात्री त्यांनी एकमेकांकडे पाठ करून सुट्टी घालवली.

३

सोमवारी नऊ वाजता एव्हर्ट क्वाकेल आला. हा घर तपासणारा माणूस. विकत घेण्यापूर्वी घरात ओल कुठे आहे, भेगा कुठे आहेत, छप्पर कधी पडणार, हे तो सांगतो. त्याचे दोन तास मारीतने शनिवारीच, बाईंचा शब्द मिळाल्याबरोबर ठरवले होते आणि ते रद्द करायचं तिला सुचलं नव्हतं. बाईंनीही त्याला आत घेतलं. घर कोणालाही गेलं तरी ओल तर कळेल, असं त्यांचं म्हणणं.

दहा वाजता क्वाकेल जिन्याखाली उभा राहून म्हणाला, "घर कोरडं आहे. भेगा दोन, दोन्ही सभ्य. माझा एक तास उरलाय. तुम्ही का रडताय?"

मारीतने सगळं सांगितलं, फक्त नऊ मार्च सोडून.

क्वाकेलला चोरीतलं काही कळत नव्हतं. त्याला भिंतींतलं कळत होतं. पण तास उरलेला, आणि उरलेलं काही परत न्यायची त्याला सवय नव्हती. त्याने संडासात नवा बल्ब लावला, आत जाऊन झाकणावर बसला आणि दार लावून घेतलं. तीन मिनिटांनी आतूनच विचारलं, "हा रंग कधीचा?"

रंग ड्यूकोने दिला होता, शुक्रवारी रात्री, स्वतःच्या हाताने. विकायचं घर ताजं दिसावं म्हणून. ड्यूको तिथेच कागद घेऊन घुटमळत होता. कॅलेंडरही काढून ठेवणार होतो, असं त्याने कबूल केलं. बघायला येणाऱ्यांनी बसल्या बसल्या क्रूस का मोजावेत. पण बाईंनी हातावर चापट मारली, म्हणून त्याने कॅलेंडरच्या चारी बाजूंनी ब्रश फिरवला.

"स्वस्तातला तैलरंग," क्वाकेल आतून म्हणाला. "शनिवारी ओलाच असणार."

"मी पाटी लावणार होतो," ड्यूको म्हणाला. "पण ओला रंग लिहिलं की लोक हात लावून बघतात."

मग क्वाकेल बाहेर रस्त्यावर गेला. तिथे दुसरं गिऱ्हाईक, रॉबर्ट-यान, आधीच येऊन घराची समोरची बाजू मोजत होता. त्याला ह्या घराच्या चार खोल्या करून चार जणांना भाड्याने द्यायच्या होत्या. शनिवारी त्याने संडाससुद्धा मोजला होता. पलंग बसत नाही, असं तो जरा खंतावून म्हणाला. कॅलेंडर त्याने पाहिलं नाही. तो माणसांचे वाढदिवस पाहत नाही, चौरस मीटर पाहतो. कधी गेला होता? पावणेअकराला. लगेच जाता आलं नाही, कारण पिवळ्या स्वेटरवाली बाई आत होती. दिवा होता का? होता. तो बाहेर आला, बटण दाबलं, तेव्हाच फट् झालं. त्याची नुकसानभरपाई मागणार असाल तर तो बल्ब जुनाच होता, असंही त्याने सांगून टाकलं.

पिवळा स्वेटर म्हणजे शेजारची हेन्नी पोल. पंचवीस नंबर. शनिवारी सगळ्यांना कॉफी तिनेच दिली होती, आणि सगळे गेल्यावर कपही तिनेच विसळले होते.

हेन्नी आत्ताही कॉफी घेऊनच आली. आज स्वेटर निळा होता. क्वाकेलला कपाबरोबर एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. कॅलेंडरबद्दल तिला फार वाईट वाटत होतं. आजकाल कोणाचा भरवसा नाही, असं ती मारीतकडे न बघता म्हणाली.

"तुम्ही पाहिलं होतं का ते?" क्वाकेलने विचारलं.

"मी कुठे पाहणार? अडतीस वर्षांत ह्या घरच्या संडासात पाऊल टाकलं नाही मी. माझा सहा पावलांवर आहे."

क्वाकेलने बिस्किट खाल्लं. घड्याळ पाहिलं. दहा चाळीस.

४

"इकडे या," तो मारीतला म्हणाला आणि तिला संडासात घेऊन गेला. दोघं जण त्यात मावत नव्हते. क्वाकेल झाकणावर बसला, मारीत दारात.

"खिळा कुठल्या भिंतीवर?"

"उजव्या."

"डावीकडे बघा. खिळ्याच्याच उंचीवर."

डाव्या भिंतीवर काहीच नव्हतं. नीट पाहिल्यावर मात्र रंगात चार पुसट ओरखडे दिसले. चार बोटं, आणि खाली तळव्याचा टेकलेला डाग. ओल्या रंगात उमटलेले आणि तसेच वाळलेले.

"शनिवारी कोणीतरी अंधारात डावी भिंत चाचपली," क्वाकेल म्हणाला. "तुमच्या नवऱ्याकडे मोबाइलचा उजेड होता, त्याला चाचपायचं कारण नाही. मोजणाऱ्या माणसाच्या वेळी दिवा होता. एजंटला रंग ओला आहे हे माहीत आणि कॅलेंडर उजवीकडे आहे हेही माहीत. बाईंचं तर विचारूच नका. मग असा कोण, की ज्याचा हात अंधारात आपोआप डावीकडे जातो?"

मारीतने दोन्ही भिंतींकडे पाहिलं. तिच्या फिरत्या घरातल्या संडासात डावं-उजवं नव्हतंच, एकच भिंत होती, गोल.

"ही घरं छप्पन साली बांधली. एकाआड एक घर उलटं, आरशात बघितल्यासारखं. म्हणजे दोन घरांच्या नळांना एकच पाइप पुरतो. इथे जिना उजवीकडे, शेजारी डावीकडे. आणि सुताराने प्रत्येक संडासात एकेक खिळा मारून दिला, तेव्हा पुसायच्या कागदाचे रोल नव्हते, म्हणून वर्तमानपत्राचे तुकडे टोचायला. त्यानंतर ह्या ओळीत सगळ्यांची कॅलेंडरं त्याच खिळ्यावर आहेत. इथे उजव्या. शेजारी..."

"डाव्या," मारीत म्हणाली.

"हे कोपऱ्याचं घर. ह्याला शेजार एकच."

मारीतला मोहरीच्या रंगाचा स्वेटर आठवला. रविवारी, दोरीवर, एकटा. तिने ते सांगितलं, आणि पहिल्यांदाच क्वाकेलच्या भुवया हलल्या. ह्या गल्लीत रविवारी स्वेटर धुणं म्हणजे समोरच्या खिडक्यांतल्या सगळ्या कुंड्यांना साक्षीला बोलावणं. तैलरंग सोमवारपर्यंत थांबत नाही, एवढ्याच कारणासाठी कोणी ते करेल. दिवा असताना ती एकदा आत जाऊन आली होती; सगळे गेल्यावर, कप विसळता विसळता, अंधारात परत गेली आणि कॅलेंडर स्वेटरखाली घालून नेलं असणार, रंगाच्या हाताने.

मारीत बाहेर धावणारच होती. क्वाकेलने तिला थांबवलं आणि मधल्या भिंतीवर बोटाने टकटक केली. पलीकडून लगेच हेन्नीच्या नवऱ्याचा खोकला ऐकू आला.

"भिंत अर्ध्या विटेची," क्वाकेल म्हणाला. "माझ्या अहवालात हे लिहिलेलं असेल. तुम्ही आत्ता सगळ्यांदेखत तिला चोर म्हणालात तर घर तुमचं. पण मग पुढची चाळीस वर्षं तुम्ही ह्या भिंतीच्या अलीकडे आणि ती पलीकडे. नाही म्हणालात, तर घर नाही."

"मग मी काय करू?"

क्वाकेलने घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते. त्याने शिडी उचलली, टोपी घातली, जुना बल्ब खिशात टाकला आणि निघून गेला. त्याची वेळ संपली होती.

५

साडेअकराला औके आला. पुढच्या खोलीत तो, ड्यूको आणि रॉबर्ट-यान टेबलाशी बसले. नाउताबाई खिडकीशी, कोणाकडे न बघता. येल्मर दारात उभा होता, हातात टपावरची रबरी कडी. ती वाऱ्याने सुटून रस्त्यावर घरंगळत गेली होती.

मारीत मागच्या दाराने बोळात उतरली आणि पंचवीस नंबरचं मागचं दार ढकललं. इथे मागची दारं उघडीच असतात. हेन्नी बटाटे सोलत होती.

"तुमच्या संडासात जाऊ का?" मारीतने विचारलं.

ह्याला नाही म्हणायची रीत नाही. हेन्नीचा हात बटाट्यावर थांबला, एवढंच.

मारीत आत गेली, दार लावलं आणि डावीकडे पाहिलं. डाव्या भिंतीवर खिळा, खिळ्यावर हेन्नीचं कॅलेंडर. ते जरा फुगलं होतं. मारीतने ते उचललं. त्याच खिळ्यावर, त्याच्या मागे, नाउताबाईंचं कॅलेंडर टांगलेलं होतं. दुसरीकडे कुठे ठेवायचं, हे हेन्नीला सुचलंच नसावं.

मारीत झाकणावर बसली. हेन्नीच्या कॅलेंडरवर दोन जूनला लाल शाईत, दोनदा अधोरेखित करून, नाउताबाईंचं नाव होतं. नाउताबाईंचं कॅलेंडर तिने जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत चाळलं. चोपन्न नावं, आणि एक पंचावन्नावं पेन्सिलीतलं, तिचं स्वतःचं. हेन्नी पोल कुठेही नव्हती.

दोन्ही हातांत ते धरून ती बाहेर आली. हेन्नीने सुरी खाली ठेवली.

"माझा नवरा पेपर घेऊन आत बसला होता," हेन्नी म्हणाली. "म्हणून पहिल्यांदाच तिच्याकडे गेले. अडतीस वर्षं तिच्या प्रत्येक वाढदिवसाला केक मी भाजला, पोरी. वीबे आजारी होता तेव्हा वर्षभर सूप दिलं. आणि तू आलीस. वीस मिनिटांत चढलीस."

"मी खोटं बोलून चढले," मारीत म्हणाली.

नऊ मे, नऊ मार्च, चौदा घरं, रबरी कडी, सगळं तिने सांगून टाकलं. सांगताना तिचा आवाज इतका फाटला, की भिंतीपलीकडे ऐकू जाईल म्हणून हेन्नीने नळ सोडला.

"म्हणजे तूही नाहीसच त्याच्यावर," हेन्नी नळ बंद करत म्हणाली.

"नाही."

बारा वाजायला सात मिनिटं होती. मारीतने कॅलेंडर बटाट्यांशेजारी ठेवलं. "मी कोणाला काही सांगणार नाही. तुम्हाला वाटलं तर तुम्ही न्या. मला दुसरं काही सुचत नाही."

६

मारीत परत आली तेव्हा ड्यूकोने पेनाचं टोपण काढलं होतं. घड्याळात तीन मिनिटं उरली होती. मग दोन. मारीतने येल्मरचा हात धरला. त्याच्या दुसऱ्या हातातल्या कडीतून हळूहळू हवा जात होती आणि खोलीत तेवढाच आवाज होता.

मागचं दार वाजलं. हेन्नी स्वयंपाकघरातून थेट आत आली. हाताला बटाट्याची माती, काखेत कॅलेंडर.

"मी नेलं होतं," ती म्हणाली.

औके उठला. बाईंनी त्याला हाताने खाली बसवलं. कॅलेंडर घेऊन त्यांनी आधी मार्च उघडला, वीबेंच्या नावावरून अंगठा फिरवला, आणि मगच वर पाहिलं. का, असं त्यांनी विचारलं.

"माझं नाव नाहीये त्यात."

नाउताबाईंना पहिल्यांदा वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. हेन्नीने परत सांगितलं, मोठ्याने. मग बाई तिच्याकडे अशा बघत राहिल्या, जशा शनिवारी मेणबत्तीच्या उजेडात खिळ्याकडे बघत राहिल्या असतील.

"तुझं कशाला असेल?" त्या म्हणाल्या. "जी विसरतील अशी भीती वाटते, ती नावं लिहितात, हेन्नी. तुझा सतरा नोव्हेंबर. सकाळी सहाला तुझा नवरा बेसूर गातो, अख्खी भिंत गाते. मला विसरायची सोय कुठे आहे?"

हेन्नी खुर्ची न शोधताच बसली. खुर्ची होती, हे नशीब.

बाईंनी ड्यूकोकडे वळून कागद पुढे ओढायला सांगितलं. रॉबर्ट-यानने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा बाई म्हणाल्या की संडासात पलंग टाकू पाहणाऱ्याला त्या घर देणारच नव्हत्या, तो औकेचा हट्ट होता. मग त्यांनी मारीतला जवळ बोलावलं आणि पेन्सिलीतल्या नावावर बोट ठेवलं.

"आणि ही आमची नऊ मार्चची मुलगी."

येल्मरच्या हातातल्या कडीतली उरलेली हवा एकदम गेली. मारीतने तोंड उघडलं. हेन्नीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मारीतचं खोटं उघडं पाडायला हेन्नीला एक वाक्य पुरलं असतं.

"नऊ मार्च," हेन्नी म्हणाली. "माझ्या लक्षात राहील."

तेव्हापासून दर वर्षी नऊ मार्चला सत्तावीस नंबरमध्ये खुर्च्या गोल मांडल्या जातात. नाउताबाई लिफ्टने उतरून टॅक्सीने येतात आणि वीबेंबद्दल बोलतात. हेन्नी सफरचंदाचा केक आणते आणि सगळ्या गल्लीच्या देखत मारीतचे दोन्ही गाल ओढते. लोक इथल्या रीतीप्रमाणे नवरा म्हणून येल्मरचंही अभिनंदन करतात, आणि तो दर वेळी विचारतो, कशाबद्दल.

नऊ मेला कोणी येत नाही. खुर्च्या भिंतीला लावलेल्या असतात. फक्त सकाळी सहाला, समोरच्या खिडक्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू, अर्ध्या विटेच्या पलीकडून दोन म्हातारी माणसं बेसूर गातात.